बीळ कुणाचं?

गेल्या रब्बीत ज्वारी हुरड्यावर आली, तेव्हा आप्पांनी मला बांधावर बोलावलं आणि हातात उंदराच्या औषधाची पुडी दिली.

आमचं रान युसूफ वडगावात, केज तालुक्यात. खालचा तुकडा काळा, वरच्या अंगाला मुरमाड पड. औषध घालायची रीत ठरलेली. संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवायची. सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती जिवंत, औषध फक्त त्यांतच घालायचं. मी सकाळी हिंडून मोजली. काळ्या रानात सात, पडीवर पाच.

मोजताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. काळ्या रानातल्या बिळांपुढे ताज्या मातीचे ढिगारे होते आणि काहींची तोंडं आतूनच मातीनं बंद केलेली होती. आसपास ज्वारीची ताटं बुडातून कुरतडलेली, कणसं गायब. पडीवरची पाचही तोंडं मात्र उघडी आणि स्वच्छ. ढिगारा जवळपास नाहीच. एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत बारीक पायवाट पडलेली, जणू एकाच वाड्याची पाच दारं.

"आप्पा, हे दोन वेगवेगळे दिसतायत."

"उंदीर ते उंदीर. टाक अन् हात धू."

मी काळ्या रानातल्या सात बिळांत औषध टाकलं. पडीवरची पाच तशीच ठेवली, उद्या बघू म्हणून. त्या रात्री मोबाइल घेऊन बसलो आणि 'हे बीळ कुणाचं' एवढा एकच प्रश्न शोधत गेलो. तो मला धारवाडला, लंडनच्या संग्रहालयात, दक्षिण आफ्रिकेच्या माळावर आणि शेवटी परत बीड जिल्ह्यात घेऊन आला.

साऱ्याच्या वहीतला उंदीर

आमच्यासारखंच दख्खनचं पठार, तशीच काळी जमीन, तीच ज्वारी. अशा रानातल्या उंदरांची पहिली नीट नोंद धारवाडकडची आहे. इंग्रज त्या मुलखाला 'दक्षिण मराठा देश' म्हणत. नोंद करणारा माणूस वॉल्टर इलियट, ईस्ट इंडिया कंपनीचा मुलकी अधिकारी. कित्तूरची राणी चन्नम्मा तुम्हाला माहीत असेल. १८२४ साली कित्तूरच्या फौजेनं कंपनीच्या कलेक्टरला, थॅकरेला, मारलं आणि दोन इंग्रज अधिकाऱ्यांना कैद केलं. त्या दोघांतला एक हा इलियट. तेव्हा तो ऐन विशीत होता.

सुटल्यावर तो त्याच भागात राहिला, आणि १८३९ साली मद्रासच्या एका विद्वत्नियतकालिकात त्यानं दक्षिण मराठा देशातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. वाघ-बिबट्यांच्या सोबत त्यात उंदरांवर मजकूर आहे, आणि तो विलक्षण बारकाईचा आहे.

काळ्या रानातला जो उंदीर, त्याला कानडीत 'कोक' म्हणतात असं तो सांगतो. हा एकटा राहतो, स्वभावानं तापट, डिवचला की घुशीसारखा गुरगुरतो. ऐसपैस बीळ करतो आणि सुगीत त्यात धान्य साठवतो. धान्य संपलं की हरळीच्या मुळ्या खाऊन दिवस काढतो. इलियटनं इंग्रजी मजकुरात 'हरळी' हाच शब्द ठेवला आहे. एका बिळातून कधी कधी अर्धा शेर धान्य निघतं, ज्वारीची अख्खी कणसंसुद्धा, असं त्यानं लिहून ठेवलंय. आमच्या रानातल्या ढिगाऱ्यांमागचा धनी हाच. पुस्तकात आज त्याचं नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. आपण जिला घूस म्हणतो तिचा हा लहान भाऊ.

पण इलियटला हे सगळं कुणी सांगितलं? तो बिळं खणत बसला नव्हता. उत्तर त्याच्याच मजकुरात आहे: वडारांनी. तळी खणणारे, माती वाहणारे वडार हे उंदीर पकडून खात आणि सुगीच्या दिवसांत बिळांतलं धान्य काढून आणत. चांगल्या मुलखात त्या मोसमात त्यांचं पोट बहुतेक त्याच धान्यावर चाले. कोणतं बीळ किती खोल, धान्याची खोली कुठं, मादी पिल्लांना कधी हाकलते, हे ज्यांच्या पोटाशी बांधलेलं होतं त्यांनी ते सांगितलं. यादी इंग्रजाच्या नावावर लागली.

तिथंच एका दुसऱ्या उंदराची नोंद आहे. वडार त्याला 'मेट्टाडे' म्हणत. हा मऊ केसांचा, लहानखुरा आणि बीळ करण्यात आळशी. झुडपाच्या बुडाशी कसंबसं भोक पाडतो, नाहीतर रानातल्या दगडांच्या ढिगात राहतो. पुष्कळदा कोकानं सोडून दिलेल्या बिळात घुसतो, किंवा उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात त्यांतच बिऱ्हाड करतो. मृगाचा पाऊस आला की भेगा मिटतात आणि त्यात दरवर्षी असंख्य मेट्टाडे गाडले जातात.

आता पुढचं बघा. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस नेहमीपेक्षा कमी झाला. मेट्टाडे वाचले आणि इतके वाढले की पेरलेलं बी त्यांनी जमिनीतून उकरून खाल्लं. उरलेलं पीक पिकल्यावर ताटांवर चढून कणसं तोडली. इलियटनं रानंच्या रानं फस्त झालेली पाहिली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. त्यांनी वडारांना कामाला लावलं, इतके डझन उंदीर मारले की एक माप धान्य या बोलीवर. हजारो मारले गेले, तरी संख्या कमी झाल्यासारखी दिसेना.

हे वाचताना माझ्या लक्षात आलं की हा उंदीर कागदावर आला तो केवळ प्राणिशास्त्राच्या प्रेमामुळे नाही. तो साऱ्याच्या आड आला म्हणूनही आला. पण त्यामुळे एक फार मोलाची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. उंदरांची साथ उंदरांच्या पापामुळे येत नाही. पहिला पाऊस, भेगा मिटणं न मिटणं आणि कुणाचं बीळ कुणाच्या कामी येतं, या तीन गोष्टींचा तो हिशेब आहे. एका जातीनं खणलेल्या बिळात दुसरी जात राहते. मग 'बीळ कुणाचं' या प्रश्नाला खणलं कुणी आणि राहतंय कोण अशी दोन उत्तरं असू शकतात.

चुकत चुकत लागलेली नावं

इलियटनं जमवलेले नमुने लंडनला गेले. तिथं जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३७ साली त्यांतल्या काहींना शास्त्रीय नावं दिली. कानडी 'गुलांडी'चं 'गोलुंडा' झालं आणि त्यामागे इलियटचं नाव जोडलं गेलं: गोलुंडा एलियोटी. वडारांच्या 'मेट्टाडे'चं कागदावर 'मेल्टाडा' झालं. पुढे १९११ साली त्याचा वंश मिलार्डिया ठरला, तो मुंबईत मद्याचा व्यापार सांभाळून निसर्ग इतिहास मंडळाचं चिटणीसपद करणाऱ्या मिलार्ड साहेबांच्या नावानं. म्हणजे आज मिलार्डिया मेल्टाडा म्हणताना पहिला शब्द मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचा असतो आणि दुसरा धारवाडकडच्या वडारांचा. त्या वडारांपैकी एकाचंही नाव कुठे नाही, त्यांचा शब्द तेवढा राहिला.

काळ्या रानातल्या कोकाची गोष्ट तर आणखी मजेदार. बंगालमधला त्याचाच भाऊबंद ग्रे यांनी युरोपातल्या पाणथळ उंदरांच्या वंशात, आर्विकोला म्हणून टाकला. वास्तविक त्या कुळाशी याचा संबंध नाही. मग तो 'मुस' झाला, मग 'नेसोकिया', १९०७ साली 'गुनोमिस' आणि शेवटी 'बँडिकोटा'. या शेवटच्या शब्दाचं मूळ तेलुगू 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्करउंदीर. इतकी वळणं घेऊन शास्त्र परत त्याच 'कोक'पाशी आलं जो शब्द रानातल्या माणसांकडे आधीपासून होता.

आणि पडीवरचा? पाच दारांच्या वाड्याचा धनी?

त्याला मी दुसऱ्या रात्री पाहिला. मोबाइलच्या टॉर्चवर लाल कापड बांधून अंधारात बसलो होतो. आधी डोळे चमकले, मोठे, काळे. मग मागच्या लांब पायांवर तो जरासा उभा राहिला. अंग वाळूच्या रंगाचं, पोट पांढरं, शेपटी अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळ्या केसांचा झुपका. घरातल्या उंदराशी त्याचं काही साम्य नव्हतं. दोन उड्यांत तो दुसऱ्या दारातून आत.

हा जर्बिल. शास्त्रीय नाव टाटेरा इंडिका. पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं ते हार्डविक या लष्करी अधिकाऱ्यानं, १८०७ साली, बनारस आणि हरिद्वारच्या मधल्या मुलखातला नमुना घेऊन. लांब पाय बघून त्यानं याला अरबस्तानातल्या उड्या मारणाऱ्या जर्बोआच्या वंशात टाकलं. तेही चुकीचंच. पण हिंदीतल्या लोकांनी त्याला 'हरना मूस' म्हटलं होतं, हरणासारखा उंदीर, आणि ते नाव बरोबर बसतं.

याची बिळं मुरमाड, वालुकामय, न नांगरलेल्या जमिनीत असतात. आत फाटे फुटलेल्या वाटा आणि मध्ये वाळक्या गवताचं अंथरूण घातलेली खोली. दिवसा तो खाली, रात्री वर. तुर्कस्तानच्या आग्नेय कोपऱ्यापासून सीरिया, इराक, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत आणि नेपाळ करत थेट श्रीलंकेपर्यंत त्याचा पसारा आहे. पण त्याचे चुलते कुठं आहेत? आफ्रिकेत. आणि इथून या गोष्टीला वेगळं वळण लागतं.

खानदेशातून आफ्रिकेकडे

१९११ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळानं, म्हणजे आपण बीएनएचएस म्हणतो त्या संस्थेनं, भारतभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. कल्पना साधी होती. कोणता प्राणी कुठं राहतो याचा नकाशाच नव्हता. मग पगारी संग्राहक नेमायचे, जिल्ह्याजिल्ह्यात पाठवायचे, सापळे लावायचे आणि प्रत्येक नमुन्यावर जागा, तारीख, मापं लिहायची. सुरुवात झाली ती खानदेशातून. संग्राहक होते सी. ए. क्रम्प. पुढे कच्छ, धारवाड असं करत १९२३ पर्यंत सुमारे ५०,००० नमुने जमले. लोकवर्गणीसारखे पैसे गोळा करून चाललेलं हे काम होतं.

नमुने लंडनला गेले की त्यांच्यासमोर बसणारे गृहस्थ होते आर. सी. रॉटन. भारतातल्या जंगलखात्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. त्यांनी पाहणीच्या आधीच, १९०६ साली, टाटेरा या वंशावर निबंध लिहिला होता. त्या वंशात तेव्हा भारतातले आणि आफ्रिकेतले कितीतरी जर्बिल एकत्र बसवलेले होते. कवट्या मोजायच्या, दात बघायचे, शेपटीचा झुपका बघायचा आणि रांगेत लावायचं. दिसायला सगळे सारखे, म्हणून घर एकच.

धारवाडला सापळे लावणारे जी. सी. शॉर्टरिज यांचं पुढचं आयुष्य तर दोन खंडांना जोडणारं आहे. भारतातलं काम झाल्यावर ते दक्षिण आफ्रिकेत गेले, तिथल्या किंग विल्यम्स टाउनच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले आणि आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागातले सस्तन प्राणी जमवत राहिले. धारवाडच्या मुरमाड पडीवरचे जर्बिल बघितलेला माणूस आता कलहारीच्या कडेला त्यांचे चुलते बघत होता.

त्या काळी आफ्रिकेत जर्बिलांकडे सगळ्यांचं लक्ष लागायला एक कारण घडलं होतं. प्लेग.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला. १८९६ साली साथ मुंबईत मांडवीला आली. पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकतो: रँड, चापेकर बंधू. त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं या रोगानं गेली. दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत तो बोअर युद्धाच्या सुमारास जहाजांतून उतरला. बंदरातले उंदीर मारले, साथ ओसरली आणि लोकांना वाटलं संपलं. पण काही वर्षांनी शेकडो मैल आत, जिथं बंदरातला उंदीर पोचलाच नव्हता, अशा एकाकी शेतांवर माणसं मरायला लागली.

१९२० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी ती साखळी उलगडली. माळावरच्या जर्बिलांच्या बिळांत प्लेग शिरला होता. जर्बिल माणसाच्या घरात येत नाही. पण रान आणि घर दोन्हीकडे फिरणारा एक मधला उंदीर तिथं होता. तो जर्बिलांच्या बिळांतही घुसे आणि शेतकऱ्याच्या झोपडीतही. त्याच्या अंगावरच्या पिसवा रोग घेऊन घरात येत.

पुन्हा तेच. खणलं एकानं, घुसला दुसरा. धारवाडला १८२६ मध्ये यानं पीक गेलं होतं, आफ्रिकेत माणसं गेली.

गणपती विसर्जनाची रात्र

इथवर वाचलं आणि मला आजीची आठवण झाली. १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या रात्री गावोगावचे गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या आसपास किल्लारीची जमीन हलली. सुमारे १०,००० माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. आजी सांगायची, "महिनाभर अंगणात पत्र्याखाली निजलो. घरात पाय ठिवायचं भ्याव वाटायचं. दाणे मात्र आत कणगीत तसेच."

मी अनेकदा हे ऐकलं होतं. पण 'दाणे आत तसेच' याचा अर्थ मला त्या रात्री लागला.

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातलं मामला गाव. लोकांची तक्रार अशी की घरात पिसवा फार झाल्यात. मग मेलेले उंदीर पडायला लागले. महिनाअखेरीला माणसांना ताप यायला लागला, जांघेत, काखेत गाठी यायला लागल्या. भारतात १९६६ नंतर माणसातल्या प्लेगची नोंद नव्हती. २८ वर्षांनी तो आला तो आपल्या जिल्ह्यात. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगनं माणसं दगावली आणि मग देश हादरला. लाखो लोक सुरत सोडून पळाले, औषधदुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या, परदेशांनी विमानं थांबवली. मृतांचा आकडा पन्नासच्या वर गेला. हा प्लेग होता की नव्हता यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले, पण नंतर प्रयोगशाळांनी जंतूची ओळख पटवली.

२८ वर्षं तो होता कुठं? बिळांत. कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू जिथं मिळतात तिथं केंद्र सरकारच्या संसर्गरोग संस्थेचं बंगळुरूचं पथक वर्षानुवर्षं रानातले उंदीर पकडून तपासत होतं. दख्खनच्या पठारावर प्लेग धरून ठेवणारा रानातला मुख्य प्राणी म्हणून त्यांच्या नोंदींत एक नाव पुन्हा पुन्हा येतं: टाटेरा इंडिका. शेपटीला काळा झुपका असलेला, माझ्या पडीवरचा.

मामल्याबद्दल अभ्यासकांनी मांडलेली साखळी थोडक्यात अशी. भूकंपाच्या भीतीनं लोक घराबाहेर राहिले. घरं मोकळी, धान्य आत. घरातले उंदीर बेसुमार वाढले आणि रान आणि घर यांच्यातली सीमा पुसली. जर्बिलाच्या पिसवा घरातल्या उंदरावर आणि त्या उंदरावरून माणसावर आल्या. भूकंपानं घरं पाडली तेवढंच दिसलं. बिळाबिळांमधली भिंत पडली ते वर्षभरानं कळलं.

आता आप्पांचं वाक्य पुन्हा आठवा: उंदीर ते उंदीर. अशा वेळी हेच वाक्य जीव घेऊ शकतं. प्लेगच्या गावात घाबरून आधी उंदीर मारले, तर थंड पडलेल्या उंदरावरच्या पिसवा उपाशी राहतात आणि जवळचं गरम अंग शोधतात. ते अंग माणसाचं असतं. म्हणून क्रम ठरलेला आहे, आधी पिसवांसाठी फवारणी, मग उंदीर. आणि रानातल्या जर्बिलाची बिळं सरसकट उकरून, विष घालून त्याला हुसकावलं, तर तो आणि त्याच्या पिसवा कुठं जातील याचा विचार आधी करावा लागतो.

एकटा उरलेला वंश

२००५ साली या गोष्टीत शेवटची एक भर पडली. जनुकांच्या आधारे जर्बिलांची वंशावळ पुन्हा मांडली गेली तेव्हा दिसलं की ज्यांना शंभर वर्षं 'टाटेरा' म्हटलं ते आफ्रिकेतले जर्बिल आपल्या टाटेराचे सख्खे नाहीतच. आफ्रिकेतल्या वाळवंटात केसाळ पायांचे जे वेगळेच दिसणारे छोटे जर्बिल आहेत, त्यांच्याशी आफ्रिकी 'टाटेरां'चं नातं जास्त जवळचं निघालं. मग त्या साऱ्यांना जर्बिलिस्कस या वंशात हलवलं गेलं. हे नाव काही अभ्यासक आधीपासूनच सुचवत होते. रॉटननं भरलेलं घर रिकामं झालं. टाटेरा वंशात आता जगात एकच जात उरली, इंडिका.

हे नुसतं पाटी बदलणं नाही. १९२० च्या दशकातले दक्षिण आफ्रिकेचे प्लेगचे अहवाल उघडले तर तिथं 'टाटेरा' असं छापलेलं सापडतं. नाव एक म्हणून तिथला धडा इकडे जसाच्या तसा लावायचा मोह होतो. तो प्राणी किती सहज मरतो, त्याच्या बिळात कोण घुसतं, त्याच्यावर कोणत्या पिसवा असतात, हे सगळं आपल्याकडे तसंच असेल असं धरून चालणं सोपं वाटतं. पण तो चुलत्यांतलाही लांबचा निघाला. आपल्या रानातल्या प्राण्याबद्दलचे प्रश्न आपल्या रानातच विचारावे लागतात. इलियटनं ते विचारले होते, आणि उत्तरं वडारांकडे होती.

इलियट धारवाडला होता. क्रम्प खानदेशात गेले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्या रानात काय राहतं याची पहिली मोठी बातमी जगाला मिळाली ती प्लेगच्या बातमीतून, हे मला टोचत राहतं. त्याआधी आमच्याकडे बिळं उकरून दुष्काळात दाणे काढणारी माणसं होतीच. आजीला ती आठवत होती. बीळ बघून आत काय असेल ते सांगणारी. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि मीही आजीला कधी नीट विचारलं नाही. आता ती नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांना पडीवर घेऊन गेलो. पाच दारं दाखवली, पायवाटा दाखवल्या, मोबाइलवरचा धूसर फोटो दाखवला. झुपका तेवढा दिसत होता.

"हा दाणे खातो का नाही?"

"खातो. पण साठवत नाही त्या खालच्यासारखे. पडीवरचं गवत, बिया, किडे असलं जास्त."

मग मी मामल्याचं सांगितलं. आप्पा त्या वर्षी माझ्याएवढे होते. फवारणीवाले गावोगाव फिरत होते, तोंडाला रुमाल बांधून लोक एसटीत बसत होते, सगळं त्यांना आठवत होतं. फक्त त्या प्लेगचा या झुपकेवाल्याशी काही संबंध असेल हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पडीवर औषध नाही, आणि धान्य यंदा पत्र्याच्या बंद कोठीत. तिसरी गोष्ट मी घरात सगळ्यांना सांगून ठेवली आहे, तुम्हालाही सांगतो. उंदीर कारणाशिवाय मरून पडायला लागले तर हात लावायचा नाही, आरोग्य उपकेंद्रात कळवायचं. मामल्याच्या लोकांनी तेच केलं होतं. आधी त्यांनी पिसवा मोजल्या, मेलेले उंदीर मोजले. ज्यांचं रान असतं त्यांनाच ते आधी दिसतं.

परत येताना आप्पा काळ्या रानात थांबले. रात्री बुजवलेलं एक बीळ पुन्हा उकरलेलं होतं, पण पुढचा ढिगारा जुना, वाळलेला. तोंड मात्र लहान आणि नवं. ते खाली वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"खणलंय त्या कोकानं," ते म्हणाले, "पण आत दुसरंच कुणीतरी राहतंय."